शिपायांचं गाणं, जगाचा ठेका

२०१० साली ११ जून ते ११ जुलै या महिन्याभरात दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक रंगला. आफ्रिका खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच भरत होती. अंतिम सामन्यात स्पेननं नेदरलँड्सला एका गोलनं हरवलं, पण हे आज फुटबॉलवेड्यांखेरीज कितीजणांना चटकन सांगता येईल कोण जाणे. त्या महिन्याच्या दोन आठवणी मात्र सगळ्यांपाशी आहेत. एक म्हणजे व्हुवुझेला नावाच्या प्लॅस्टिकच्या भोंग्यांनी मांडलेला उच्छाद, आणि दुसरी शकिराचं ‘वाका वाका’. विश्वचषक आला की ज्या कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या नावानं पेठापेठांतून फलक लागतात, तिथं ते वाजलं नसतं तरच नवल. पण ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता अशा मुलामुलींनीही शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाच बसवले. या गाण्याची चित्रफीत यूट्यूबवर तीन अब्जांहून जास्त वेळा पाहिली गेली आहे. पृथ्वीवरच्या माणसांच्या संख्येशी हा आकडा ताडून पाहिला तर तो किती अवाढव्य आहे हे लक्षात येतं.

एवढ्या माणसांनी जे ध्रुवपद घोळवलं, त्याचा अर्थ त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हता. अर्थ विचारावा असंही फारसं कुणाला वाटलं नाही. ‘आफ्रिकी बोल’ म्हटलं की काम भागलं. तबल्याच्या बोलांना कोण अर्थ विचारतो? हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. त्या बोलांना अर्थ होता, चांगला टोकदार होता, आणि तो शिपायांनी शिपायांवर केलेल्या विनोदाचा होता.

गाण्याचं मूळ कॅमेरूनमध्ये आहे. १९८६ साली ‘गोल्डन साउंड्स’ नावाच्या गायक-वादकांच्या चमूनं ‘झांगालेवा’ हे गाणं काढलं. हे कलावंत व्यवसायानं शिपाई होते, राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलात नोकरीला. गाणं इतकं चाललं की पुढं चमूनं स्वतःचंच नाव बदलून ‘झांगालेवा’ करून टाकलं. त्यांचा रंगमंचावरचा अवतार पाहण्यासारखा असे. अंगात लष्करी गणवेश, डोक्यावर गोऱ्या साहेबाची सोला टोपी, शर्टाच्या आत उशी कोंबून केलेलं ढेरपोट आणि विजारीत कापडाचे बोळे घालून फुगवलेला पार्श्वभाग. खाऊन खाऊन सुटलेलं पोट आणि आगगाडीत बसून बसून सुजलेलं बूड, असा त्या सोंगाचा खुलासा देतात. आपल्याकडच्या तमाशातला सोंगाड्या हवालदाराचा वेष घालून आला की प्रेक्षक जसा पहिल्या वाक्याआधीच हसू लागतो, तसं याउंदे आणि दुआला या कॅमेरूनी शहरांतल्या प्रेक्षकांचं होत असावं.

‘झांगालेवा’ हे याउंदेच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या फांग-एवोंडो भाषासमूहातलं एक आख्खं वाक्य दाबून केलेला शब्द आहे, आणि ते वाक्य म्हणजे एक प्रश्न: तुला कुणी बोलावलं होतं? किंवा: तुला इथं कुणी धाडलं? ‘वाका’ हा शब्द पिजिन इंग्रजीतला, मूळ इंग्रजी ‘वॉक’चा, म्हणजे चाल, चालत राहा. कॅमेरून ते नायजेरिया या सगळ्या पट्ट्यात बाजारात, बंदरात आणि बराकीत हीच पिजिन चालते. तेव्हा ध्रुवपद असं आहे की एकीकडून हुकूम येतो, चल. आणि दुसरीकडून टोमणा येतो, कुणी सांगितलं होतं तुला यायला? पायाला पळवणारा शब्द आणि पायाला अडवणारा शब्द एकाच ओळीत बसवलेले आहेत. कवायतीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या नवशिक्या पोराला जुना शिपाई असंच चिडवणार. त्यात शिव्या नाहीत, पण दयाही नाही.

या गाण्याच्या अर्थाबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या आफ्रिकी शिपायांना वाहिलेली ही आदरांजली आहे, असं काहीजण म्हणतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ध्रुवपद रेकॉर्डहून जुनं आहे, त्या काळच्या बराकींतून आलेलं. वेगवेगळ्या जमातींतून भरती झालेल्या, एकमेकांची भाषा न समजणाऱ्या जवानांनी आपापसांत घडवलेल्या खिचडी बोलीचा तो एक तुकडा आहे. इतरांना त्यात उपहास दिसतो. गोऱ्यांच्या बाजूला उभं राहून आपल्याच लोकांवर हुकूम चालवणाऱ्या, फुगलेल्या पोटाच्या काळ्या अंमलदारांचा. या दोन मतांत निवड करण्याची मला गरज वाटत नाही. ज्यानं स्वतः तो गणवेश घातला आहे, पगारासाठी घातला आहे, तोच पोटाला उशी बांधून रंगमंचावर येतो तेव्हा आदर आणि उपहास वेगळे काढता येत नाहीत. बाहेरच्या माणसानं केलेलं लष्कराचं विडंबन आणि शिपायानं केलेलं विडंबन यांत हाच फरक असतो.

इथं थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण तो ठाऊक नसेल तर ‘तुला इथं कुणी धाडलं’ हा प्रश्न नुसती थट्टा वाटतो.

कॅमेरून १८८४ साली जर्मनांच्या ताब्यात गेलं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि देशाचे दोन तुकडे झाले. मोठा फ्रान्सला, पश्चिमेचा चिंचोळा ब्रिटनला. आजही तिथं फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन राजभाषा आहेत, आणि त्या दोन भाषांमधली भांडणं रक्तपातापर्यंत गेलेली आहेत. फ्रान्सपाशी आफ्रिकी शिपायांच्या पलटणी आधीपासूनच होत्या. १८५७ साली सेनेगलमध्ये उभ्या केलेल्या म्हणून त्यांना ‘सेनेगाली’ म्हणत, पण भरती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत सगळीकडून चाले. पहिल्या महायुद्धात असे सुमारे दोन लाख आफ्रिकी फ्रान्ससाठी युद्धात उतरवले गेले. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस पडल्यावर ऑगस्ट १९४० मध्ये लक्लेर नावाचा फ्रेंच अधिकारी मूठभर माणसांनिशी दुआला बंदरात उतरला आणि त्यानं कॅमेरून द गॉलच्या बाजूला वळवलं. पुढं सहारा ओलांडून लिबियातलं कुफ्राचं इटालियन ठाणं घेणाऱ्या त्याच्या फौजेत मध्य आफ्रिकेतल्या शिपायांचा भरणा होता. म्हणजे फ्रान्सच्या मुक्तीची पहिली पावलं ज्यांनी टाकली, त्यांतल्या कित्येकांनी फ्रान्स कधी पाहिलंच नव्हतं.

युद्ध सरत आल्यावर त्यांचं काय झालं? जर्मनांच्या कैदेतून सुटलेल्या आफ्रिकी सैनिकांची एक तुकडी डाकारजवळच्या थियारोय छावणीत आणून ठेवली होती. थकलेला पगार मिळावा म्हणून त्यांनी आवाज उठवला. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारनं मृतांचा आकडा ३५ सांगितला; तो खरा नाही, मेले ते याहून पुष्कळ, असं इतिहासकार सांगत आले आहेत. पुढं वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा १९५९ च्या एका कायद्यानं या माजी सैनिकांचं पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठवून टाकण्यात आलं. शेजारच्या खाटेवर गोळी खाल्लेल्या फ्रेंच सैनिकाचं पेन्शन महागाईबरोबर वाढत गेलं, याचं तिथंच राहिलं. ही तफावत मिटवण्याचा निर्णय व्हायला २००६ साल उजाडलं. सेनेगलचे चित्रपटकार उस्मान सेम्बेन यांनी थियारोयवरचा आपला चित्रपट १९८८ मध्ये आणला. ‘झांगालेवा’ त्याच्या दोन वर्षं आधीचं. ऐंशीच्या दशकाच्या त्या मधल्या वर्षांत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ही जुनी जखम पुन्हा बोलू लागली होती, कुणी ती पडद्यावर आणली आणि कुणी पोटाला उशी बांधून.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या पलटणींत मराठे होते, १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर चढाई करणाऱ्यांतही होते. सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत या गावातून अमुक इतके लोक महायुद्धावर गेले, असं सांगणारी संगमरवरी पाटी अजून भिंतीत आहे. तिच्यावर कुणी धाडलं ते कोरलेलं नाही.

कॅमेरूनची स्वतःची कहाणी यानंतरही सरळ नव्हती. स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या चळवळीचे नेते रुबेन उम न्योबे यांना सप्टेंबर १९५८ मध्ये जंगलात गाठून ठार करण्यात आलं. गोळ्या झाडणारे शिपाई आफ्रिकीच होते, हुकूम फ्रेंचांचा होता. १९६० मध्ये स्वातंत्र्य आलं. नव्या राष्ट्राच्या सैन्याला जुन्या सैन्याची चालरीत वारशात मिळाली. १९८२ मध्ये पॉल बिया राष्ट्राध्यक्ष झाले, आणि एप्रिल १९८४ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या दलातल्याच लोकांनी बंड करून सत्ता उलथण्याचा प्रयत्न केला. बंड मोडलं गेलं, शिक्षा झाल्या, रक्षकदल नव्यानं बांधलं गेलं. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलातले जवान गणवेशाची टवाळी करत देशभर गातात, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वात विलक्षण प्रकरण वाटतं. त्यांना कुणी अडवलं नाही. विनोद शिपायावर होता, सत्तेवर थेट नव्हता, हे एक कारण असेल. दुसरं असं की तोवर गाणं सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कॅमेरूनमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नव्या पेटीत पाहायला लोक उत्सुक होते, आणि हा प्रकार पाहण्यासारखाच होता.

आता गाणं पसरलं कसं, ते पाहू. रेडिओ, कॅसेट आणि टीव्ही हे तर झालंच. पण त्याचे खरे वाहक पायी चालणारे होते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत सैनिक, पोलीस, स्काउट आणि खेळाडू सरावाला धावताना हे ध्रुवपद म्हणू लागले, शाळेची मुलं प्रभातफेरीत म्हणू लागली. कॅमेरूनमध्ये ते न येणारा माणूस शोधावा लागेल. गाण्याची बांधणीच तशी आहे. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. एकाच वेळी डावा-उजवा पाय पडावा असा सरळ चारांचा ठेका. शब्द बहुतेक ‘आ’ आणि ‘ए’ वर संपणारे, म्हणजे तोंड उघडं, श्वास मोकळा. धावत असतानाही दमछाक न होता म्हणता येतील असे. चाल चार-पाच स्वरांतच घुटमळते, तेव्हा बेसुऱ्या माणसालाही पळून जायला जागा राहत नाही. ज्याला आपण ‘कॅची’ म्हणून मोकळे होतो, त्यामागं असं काम असतं. हे गाणं शेकडो गळ्यांनी मिळून म्हणण्यासाठीच तासलेलं होतं, म्हणून ते पुढं नव्वद हजारांच्या स्टेडियमला पेललं.

त्याचा ताल मकोसा या दुआलाच्या नाचगाण्याच्या घराण्यातला, आणि मकोसा जगाला आधीच ठाऊक होता. मनु दिबांगो या कॅमेरूनी सॅक्सोफोनवादकाकडे १९७२ साली आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी गाणं मागितलं गेलं. ती स्पर्धा त्या वर्षी कॅमेरूनमध्ये भरली होती. रेकॉर्डच्या एका बाजूला स्पर्धेचं गीत, दुसरी बाजू भरायची म्हणून ‘सोल मकोसा’. यजमान संघ उपांत्य फेरीत हरला आणि स्पर्धागीत विस्मरणात गेलं. उलटी बाजू मात्र न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत पोचली आणि १९७३ मध्ये अमेरिकेत गाजली. दहा वर्षांनी मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ संचातल्या पहिल्याच गाण्याच्या शेवटी तेच बोल ऐकू आले, पुढं २००७ मध्ये रिहानाच्या गाण्यात. दोन्ही वेळा दिबांगो यांना वकिलाकडे जावं लागलं. कॅमेरूनची जगभर फिरलेली दोन्ही गाणी फुटबॉलच्या निमित्तानं फिरली, हा योगायोग खराच, पण त्याला आधार आहे. या देशाची ओळख जगाला करून दिली ती फुटबॉलनंच. १९९० मध्ये मिलानच्या मैदानावर कॅमेरूननं गतविजेत्या अर्जेंटिनाला हरवलं, अडतीस वर्षांचा रॉजर मिला दर गोलनंतर कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जाऊन कंबर हलवत नाचला, आणि विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला. मिलाचं ते नाचणं पाहिलेल्यांनी मकोसा पाहिला आहे, नाव ठाऊक नसलं तरी.

आफ्रिकेतून गाणं अटलांटिक ओलांडून कोलंबियाला गेलं, आणि या पुस्तकातला माझा सर्वात आवडता भाग तोच आहे. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर बारान्किया आणि कार्ताहेना ही बंदरं आहेत. गुलामांच्या व्यापारातून आलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तिथं मोठ्या संख्येनं राहतात. मालकांकडून पळालेल्या गुलामांनी वसवलेलं पालेंके हे गाव कार्ताहेनापासून दूर नाही. सत्तरच्या दशकापासून खलाशी आणि व्यापारी आफ्रिकेतल्या रेकॉर्ड या बंदरांत आणू लागले. त्या वाजत त्या ‘पिको’वर. पिको म्हणजे भडक रंगांनी चितारलेली, माणसाहून उंच कर्ण्यांची भिंत. गरीब वस्त्यांत शनिवार-रविवारी ती उभी राही आणि रात्रभर नाच चाले. पिकोवाल्यांत भयंकर चुरस होती. ज्याच्यापाशी दुसऱ्याकडे नसलेलं गाणं, त्याच्याकडे गर्दी. म्हणून ते काय करत, तर रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढत. प्रतिस्पर्ध्याला गायकाचं नाव कळूच नये. मग गाण्याला आपल्या मनानं नवं नाव देत. ‘झांगालेवा’ तिथं पोचलं तेव्हा त्याला लष्करी गाणं म्हणूनच ओळखलं गेलं. भाषा कळली नाही तरी कवायत कळली.

खरवडलेलं लेबल हा या पुस्तकाच्या केंद्रस्थानी असलेला मुद्दा आहे. त्यात कुणाला लुबाडायचा बेत नव्हता. ज्या माणसानं नाव पुसलं त्याचं गाण्यावर जिवापाड प्रेम होतं, आणि त्या प्रेमापोटी कार्ताहेनाच्या गल्ल्यांत चांपेता नावाचं एक नवं संगीत जन्माला आलं, जे आज कोलंबियाच्या किनाऱ्याची शान आहे. पण नाव पुसलं गेलं ते गेलंच. शिपायांचं गाणं बेवारशी झालं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ‘लास चिकास देल कान’ या बायकांच्या चमूनं त्याचं मेरेंगे नाचगाणं केलं. त्यात कवायत नाही, युद्ध नाही. एका काळ्या पुरुषाला जमत नाही अशी द्व्यर्थी थट्टा आहे. लॅटिन अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते भरपूर वाजलं. मूळ गाण्यात काळा शिपाई स्वतःवर हसत होता, इथं त्याच्यावर दुसरंच कुणीतरी हसू लागलं. एका ठेक्याला दोन अर्थ चिकटले, आणि पहिला अर्थ माहीत नसलेल्यांची संख्या आता लाखांवर गेली.

शकिराचा जन्म १९७७ चा, गाव बारान्किया. ‘झांगालेवा’ निघालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि पिकोच्या शहरात वाढत होती. तेव्हा २०१० च्या स्पर्धेच्या गीतासाठी तिच्या ओठी हेच ध्रुवपद यावं, यात नवल नाही. निर्माता जॉन हिल याच्यासोबत तिनं नवं गाणं बांधलं, आणि केप टाउनच्या फ्रेशलीग्राउंड या वाद्यवृंदाला सोबत घेतलं. त्यांची गायिका झोलानी माहोला हिच्या आवाजातल्या भागामुळे गाण्यात दक्षिण आफ्रिकेची बोलीही आली. १० जूनला सोवेटोच्या ऑर्लंडो स्टेडियममध्ये आणि ११ जुलैला समारोपात सॉकर सिटीत ते झालं. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत कुरबूर झाली होती की आफ्रिकेच्या पहिल्या विश्वचषकाचं गीत गायला कोलंबियाची बाई कशाला? तक्रार रास्त होती. मात्र तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या गाण्यात कॅमेरून आहे हेही ठाऊक नव्हतं. कॅमेरूनचा संघ त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरला आणि सर्वांत आधी बाद झाला. त्यांचं गाणं शेवटच्या दिवसापर्यंत राहिलं.

नव्या गाण्याच्या इंग्रजी शब्दांकडे पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही, असं मला वाटतं. सुरुवातीलाच ते खेळाडूला शिपाई म्हणून हाक मारतं. आघाडीवर उभा राहा, पडलास तर उठ, सगळे तुझ्याकडे पाहताहेत, अशा अर्थाचं. म्हणजे गाण्यातला शिपाई टिकला. गेला तो त्याचा टोमणा. ‘तुला इथं कुणी धाडलं’ विचारणारा जुना जवान निघून गेला आणि ‘शाब्बास, लढ’ म्हणणारा अधिकारी तेवढा उरला. स्पर्धेच्या गीतात याहून वेगळं काही होणं शक्यही नव्हतं. प्रायोजकांच्या पैशानं भरलेल्या उत्सवात, तू इथं आलास कशाला, असं कोण विचारू देणार? मला हे गाणं आवडतं. पण त्याला ‘झांगालेवा’चं नवं रूप म्हणणं अर्धंच खरं आहे. ते त्या गाण्याचं ध्रुवपद घेऊन केलेलं दुसरं गाणं आहे.

गाणं बाहेर येताच कॅमेरूनमध्ये लोकांनी ते ओळखलं आणि गदारोळ उठला. चोरी, हा शब्द सगळीकडे छापला गेला. पुढं मूळ कलावंतांशी बोलणी झाली, तडजोड झाली, आणि श्रेयनामावलीत शकिरा आणि हिल यांच्याबरोबर झे बेला, दू बेली आणि एमिल कोजिदी ही नावं आली. आफ्रिकी गाण्यांच्या नशिबी इतकं तरी क्वचित येतं. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केलं, हक्क दहा शिलिंगांना गेले. त्याचं इंग्रजी रूप १९६१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि पुढच्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारले. ‘लायन किंग’ चित्रपटातून ते गाणं जगातल्या पोराटोरांपर्यंत गेल्यावर वारसांनी दावा लावला, आणि २००६ मध्ये तडजोड झाली. कलावंत जाऊन तोवर चव्वेचाळीस वर्षं लोटली होती. त्या मानानं याउंदेचे शिपाई सुदैवी म्हणायचे. त्यांना आपल्या हयातीत आपलं नाव वाचायला मिळालं.

तेव्हा चोरी झाली का? माझं उत्तर असं: २०१० मध्ये जे झालं ते निष्काळजीपणाचं होतं, आणि दाद मागितल्यावर ते दुरुस्त झालं. आधी विचारायला हवं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला मूळ शोधायला फार कष्ट पडले नसते. पण या गाण्याची वाट शकिरापासून सुरू होत नाही. ते आधीच अनेक हातांतून गेलं होतं, आणि प्रत्येक हातानं त्यावरचं एक नाव पुसलं होतं. खुद्द गोल्डन साउंड्सनीही ध्रुवपद बराकीतून घेतलं असेल, तर त्या महायुद्धातल्या शिपायांची नावं कुठल्याच नामावलीत नाहीत. लोकप्रियतेचं गणित असं निर्दय असतं की जे गाणं जितकं सगळ्यांचं होतं, तितकं ते कुणाचं एकाचं राहत नाही. लोकगीतांच्या जमान्यात यात कुणाचं नुकसान नव्हतं, कारण कुणाला पैसेच मिळत नव्हते. आता मिळतात. म्हणून नावं शोधणं हा आता हिशेबाचा भाग झाला आहे, आणि तो हिशेब बहुतेक वेळा आफ्रिकेच्या बाजूनं थकलेला असतो.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणं काटेकोरपणे काळाच्या क्रमानं लावलेली नाहीत. बराकीपासून सुरुवात करून मी बंदरांकडे गेलो आहे आणि स्टेडियम शेवटी येतं. शकिराच्या खासगी आयुष्याला, चित्रफितीत दिसणाऱ्या फुटबॉलपटूच्या प्रेमप्रकरणाला आणि नंतरच्या ताटातुटीला इथं जागा दिलेली नाही. त्याबद्दल वाचायला पुष्कळ मजकूर इतरत्र आहे. थियारोयवरचं प्रकरण काहींना विषयांतर वाटेल. ते मी मुद्दाम लांबवलं आहे, कारण त्याशिवाय उशी बांधलेल्या पोटाचा विनोद पोचत नाही. संगीतातल्या तांत्रिक बाबी मात्र थोडक्यात आटोपल्या आहेत. आफ्रिकी नावांचे उच्चार फ्रेंचच्या वळणावर देवनागरीत आणताना सोय पाहिली आहे, शुद्धतेचा दावा नाही.

वाचकांना एक विनंती. १९८६ च्या ‘झांगालेवा’ची मूळ चित्रफीत इंटरनेटवर सहज सापडते. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ती एकदा पाहा, आणि ‘वाका वाका’ त्यानंतर लावा. बहुतेकांनी ही दोन गाणी उलट्या क्रमानं ऐकलेली असतात, आणि तशी ऐकली की मूळ गाणंच नकलेसारखं वाटू लागतं.